गाडीतला वास आणि कापराच्या वड्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत पावसाळ्यात गाडीची निगा कशी राखावी यावर मजकूर आला होता. टायर, वायपर आणि ब्रेक यांबद्दलचं त्यातलं लिखाण बरोबर आहे. पण ‘गाडीत कुबट वास येत असेल तर डॅशबोर्डवर कापराच्या वड्या, सीटखाली डांबरगोळ्या किंवा वाटीभर कॉफी ठेवा’ हा सल्ला वाचला आणि हे पत्र लिहायला घेतलं. पत्र लांबलं आहे, पण विषय दोन ओळींत आटपणारा नाही.

डांबरगोळी म्हणजे बहुतेक वेळा नॅप्थलीन. बंद काचांच्या आत उन्हाने तापलं की ते भराभर हवेत उडतं. कपाटातली डांबरगोळी कपड्यांच्या घडीत राहते, गाडीतली थेट माणसांच्या नाकात जाते. ज्या बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाच्या एन्झाइमची कमतरता असते, त्यांच्या तांबड्या पेशी नॅप्थलीनमुळे फुटू शकतात. ती कमतरता आहे याची घरच्यांना बहुधा कल्पनाही नसते. कापूर पेट घेणारा पदार्थ आहे, शिवाय वडी दिसते खडीसाखरेसारखी. मागच्या सीटवरच्या पोराने ती तोंडात टाकली तर आकडी येऊ शकते. कॉफी निरुपद्रवी खरी, पण तिने इतकंच होतं की कुबट वासात कॉफीचा वास मिसळतो.

माझा मुख्य आक्षेप मात्र वेगळा आहे. गळणारं पेट्रोल, जळणारी वायर आणि ओला गालिचा या तिन्हींवर एकच औषध कसं चालेल? आधी वास कशाचा ते शोधायचं, मग उपाय. आणि शोधायची रीत अवघड नाही.

गॅरेजमध्ये नेहमी घडतं ते असं. मालक सांगतो, ‘गाडीत वास येतो.’ गाडी तासभर उभी राहून थंड झालेली असते आणि वास गायब. मेकॅनिक आत डोकावतो, त्याला काही जाणवत नाही, मग एसीची सर्व्हिस करून बिल हातात ठेवतो. चार दिवसांनी वास परत. म्हणून गॅरेजला जाण्याआधी आठवडाभर लक्ष ठेवा आणि लिहून काढा. वास सकाळी दार उघडताच येतो की इंजिन तापल्यावर? एसी लावल्यावर पहिली दोन मिनिटं येतो की सतत? सिग्नलला थांबल्यावर वाढतो की पळताना? पेट्रोल भरल्यानंतर येतो का? पावसानंतर येतो का? आणि एक सोपी चाचणी, जी फार कमी लोक करतात : वास येत असताना हवा आतल्या आत फिरवण्याचं बटण दाबा. दोन-तीन मिनिटांत वास कमी झाला तर तो बाहेरून, बहुधा बॉनेटखालून, आत ओढला जातो आहे. तसाच राहिला किंवा वाढला तर उगम आतच आहे. या एका बटणाने निम्मं काम होतं.

नाक पाच-दहा मिनिटांत वासाला सरावतं, त्यामुळे रोज गाडी चालवणाऱ्याच्या नाकावर विसंबू नका. काचा लावून गाडी तासभर उभी करा आणि एरवी त्या गाडीत न बसणाऱ्या माणसाला वास घ्यायला सांगा. आधी एसीच्या जाळ्यांपाशी, मग पुढे डाव्या पायाशी, मागे दोन्ही पायांशी, शेवटी डिकीतली चटई उचलून स्टेपनीच्या खळग्यात.

आता एसी, कारण पुष्कळ तक्रारी त्याच्याच. एसीचं कूलिंग कॉइल डॅशबोर्डच्या पोटात असतं. गार पाण्याच्या तांब्यावर बाहेरून थेंब जमतात तशी हवेतली वाफ या कॉइलवर पाणी होऊन साचते आणि बोटभर जाडीच्या नळीतून गाडीखाली गळते. गाडी बंद झाली की ते कॉइल ओलं, अंधारात आणि उबेत राहतं, वर धूळ आणि केस चिकटलेले. तिथे बुरशी आणि जिवाणू वाढतात. एसी लावल्यावर पहिली दोन मिनिटं ओल्या मोज्यांसारखा वास येऊन मग कमी झाला तर उगम इथेच.

सुरुवात एसीची हवा गाळणाऱ्या फिल्टरपासून करा. बऱ्याच गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. बॉक्स रिकामा करून दोन्ही बाजू आत दाबल्या की तो खाली झुकतो, मागे एक आडवी झाकणपट्टी दिसते, तिची खिटी दाबली की फिल्टर सरकून बाहेर येतो. काढताना त्यावरच्या बाणाची दिशा बघून ठेवा. कागदी फिल्टर धुऊन परत बसवायचा मोह टाळा. ओलाव्याने त्याचा दर्जा जातो आणि आत राहिलेली ओल बुरशीला आयतीच मिळते. काहीशे रुपयांत नवा येतो. वर्षाला एक, किंवा दहा ते पंधरा हजार किलोमीटरला एक, यात जे आधी होईल ते. रस्ता धुळीचा असेल तर त्याहून लवकर. स्वस्तातल्या काही मॉडेलमध्ये कंपनीकडून फिल्टरच येत नाही, नुसता खाचा रिकामा असतो. तोही तपासा.

मग नळी. दमट दिवशी एसी पंधरा मिनिटं चालवला की गाडीखाली पाणी ठिबकलंच पाहिजे. ठिबकत नसेल तर नळी तुंबली आहे. पाणी आतल्या खोक्यात साठतं, वळणावर डॅशबोर्डमधून खळखळ ऐकू येते आणि पुढे ते डाव्या बाजूच्या गालिच्यात उतरतं. खालून नळीच्या तोंडातून मऊ नायलॉनची दोरी हळूच सारून किंवा कमी दाबाची हवा देऊन ती मोकळी होते. टोकदार सळई घालू नका. कॉइल अ‍ॅल्युमिनियमचं असतं. त्याला भोक पडलं तर गॅस गेला, आणि मग अख्खा डॅशबोर्ड उतरवण्याचं काम निघतं.

कॉइल धुवायचा फेस मिळतो. त्याची लांब नळी पाणी गळण्याच्या नळीतून वर सारून, इंजिन बंद ठेवून फेस भरायचा, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, घाण खाली गळू द्यायची. नंतर काचा उघड्या ठेवून एसी बंद, फॅन पूर्ण वेगात आणि हवा गरम करून दहा मिनिटं चालवायचं. पुढच्या जाळ्यांमधून सुगंधी फवारा मारणं म्हणजे नुसतं नाटक, तो कॉइलपर्यंत पोचतच नाही. सगळ्यात स्वस्त उपाय सवयीचा आहे. मुक्काम यायच्या तीन-चार मिनिटं आधी एसीचं बटण बंद करा, फॅन चालू ठेवा, हवा बाहेरून घ्या. कॉइल वाळून निघतं आणि वास धरतच नाही.

पावसाळ्यातला दुसरा वास मातीचा, बुरशीचा, जुन्या गोणपाटासारखा. हा एसीशी संबंध नसताना, सकाळी दार उघडताच येतो. गालिच्यावर हात फिरवून ‘कोरडा आहे’ म्हणणारे इथे फसतात. गालिच्याखाली बोटभर जाडीचा फोम असतो. वरचं कापड वाळतं आणि फोम पाणी धरून बसतो. मूठ जोरात दाबा, किंवा चार घड्यांचं वर्तमानपत्र ठेवून त्यावर दोन मिनिटं उभे राहा. कागद ओला झाला तर उत्तर मिळालं. कापडावर व्हिनाइलचं मॅटिंग चिकटवून घेतलेलं असेल तर गोष्ट आणखी बिकट. आत गेलेल्या पाण्याला वर यायला वाटच उरत नाही आणि महिनोन् महिने काही कळत नाही. पत्रा गंजून भोक पडल्यावर मॅटिंग उचललं जातं. नवी गाडी घेताना हे मॅटिंग फुकट मिळालं तरी नाकारावं, असं माझं मत आहे.

पाणी कुठून आलं ते न शोधता गालिचा वाळवणं व्यर्थ. वायपरच्या खाली काळी जाळी असते. तिच्या पोटात पन्हळ आणि दोन्ही टोकांना पाणी निघायची भोकं असतात. आंब्याच्या, अशोकाच्या झाडाखाली गाडी उभी राहत असेल तर पानांनी ती बुजतात. दसऱ्याच्या झेंडूच्या माळेचंही तेच. बॉनेटवर चार दिवस राहिलेल्या माळेच्या पाकळ्या गळून या जाळीत जातात, कुजून त्यांचा काळा चिखल होतो आणि पुढच्या पावसाचं पाणी भोकातून न जाता ब्लोअरच्या, म्हणजे आत हवा ढकलणाऱ्या पंख्याच्या, तोंडातून आत येतं. माळ जरूर घाला, संध्याकाळी काढा. सनरूफ असेल तर त्याच्या चारही कोपऱ्यांना बारीक नळ्या असतात. त्या तुंबल्या की छताच्या कापडावर कोपऱ्यात पिवळट डाग उमटतो. दाराच्या आतल्या पॅनेलमागे प्लास्टिकचा पडदा चिकटवलेला असतो. बाहेरून स्पीकर बसवताना तो फाडला जातो किंवा नीट चिकटवत नाहीत, मग काचेवरून दारात उतरलेलं पाणी बाहेर न जाता पायाशी येतं. डिकीत पाणी असेल तर मागच्या दिव्यांचं पॅकिंग आणि डिकीचं रबर बघा.

शोधायला दोन माणसं लागतात. एकाने टॉर्च घेऊन आत बसायचं, दुसऱ्याने साध्या पाइपने पाणी सोडायचं. आधी खाली दाराच्या पट्टीपाशी, मग काचेच्या कडेला, सगळ्यात शेवटी छतावर. प्रत्येक ठिकाणी निदान पाच मिनिटं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही. गळती बुजवल्यावर सीट काढून गालिचा उचलावा. सीटला बहुधा चार बोल्ट असतात. पण सीटखालच्या पिवळ्या रंगाच्या जोडणीला हात लावण्याआधी बॅटरीचं ऋण टोक काढून दहा मिनिटं थांबावं, कारण ती एअरबॅगची वायर असते. गालिच्याखाली लाकडाच्या फळ्या सारून पंखा लावला की दोन-तीन दिवसांत फोम वाळतो. पूर्ण वाळल्यावरच खाण्याचा सोडा भुरभुरवून रात्रभर ठेवावा आणि सकाळी व्हॅक्यूमने ओढून घ्यावा. ओल्यावर सोडा टाकला तर फक्त पांढरा लगदा होतो.

इथपर्यंतचे वास त्रासाचे आहेत. पुढचे जिवावर बेतणारे.

पेट्रोलचा वास टाकी फुल्ल केल्यावरच येत असेल तर मागच्या सीटखाली पेट्रोल पंपाच्या तोंडावरचं रबरी सील किंवा टाकीला जाणारा पाइप तपासायला सांगा. पंपावर ऑटो-कट होऊन नोझल आपोआप बंद झाल्यावरही ‘राउंड फिगर करा’ म्हणायची आपल्याकडे खोडच आहे. टाकीतली वाफ शोषायला कोळशाचा एक डबा असतो. गळ्यापर्यंत भरलेलं पेट्रोल द्रवरूपात त्यात शिरतं, कोळसा भिजतो आणि मग दिवसभर वास मारतो. पहिल्या कटला थांबा, राहिलेले सात रुपये पंपवाल्याकडून परत घ्या. वास सकाळी गार इंजिन सुरू केल्यावर बॉनेटकडून येत असेल तर इंजेक्टरची, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या भागाची, रबरी कडी आणि पाइप बघायचे. उंदरांनी कुरतडलेला पाइप हेही नेहमीचं कारण. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आता सगळीकडे मिळतं, आणि त्याला टिकणारे रबरी भाग नव्या गाड्यांत २०२३च्या एप्रिलपासून येऊ लागले. त्याआधीच्या, विशेषतः दहा-बारा वर्षांच्या गाडीचे रबरी पाइप बोटाने दाबून बघा; चिरा दिसल्या किंवा चिकट लागले तर बदला. पेट्रोलचा वास येणारी गाडी स्टार्ट करून ‘बघू कुठून येतो’ असं करू नये.

सीएनजीला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन हे गंधकाचं उग्र द्रव्य मुद्दाम घालतात. भरल्यावर नोझलपाशी क्षणभर वास येणं वेगळं, गाडीच्या आत येणं वेगळं. आत आला तर गाडी मोकळ्या जागी, इमारतीच्या पार्किंगबाहेर उभी करा, किल्ली काढा, चारही दारं आणि डिकी उघडा. दिव्यांची बटणं चालू-बंद करू नका, मोबाइल गाडीपासून दूर जाऊन वापरा. टाकीवरचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पूर्ण बंद करा. सीएनजी हवेपेक्षा हलका असल्याने छताखाली साठतो आणि दारं उघडली की निघून जातो. एलपीजी मात्र जड असतो, तो पायाशी बसून राहतो, म्हणून त्याला जास्त वेळ द्यावा लागतो. टाकीत सुमारे २०० बारचा दाब असतो, त्यामुळे पाना घेऊन जोड आवळायला स्वतः जाऊ नका. साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघण्यापर्यंत ठीक, पुढचं काम अधिकृत फिटरचं. टाकीच्या व्हॉल्व्हवर एक आच्छादन असतं आणि त्यातून गळलेला गॅस बाहेर नेणारी जाड नळी. डिकीत बॅगा कोंबताना ती निसटते, हे महिन्यातून एकदा बघावं. टाकीची दर तीन वर्षांनी होणारी दाबाची चाचणी टाळू नये.

गोडसर, पाकासारखा वास आला, समोरच्या काचेवर आतून तेलकट धुकं जमलं आणि पुसलं तरी परत आलं, तर हीटरच्या कॉइलमधून कुलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव, गळतो आहे. गार इंजिनावर कुलंटच्या टाकीतली पातळी बघा. आठवड्यात ती उतरत असेल तर शंका उरत नाही. रेडिएटरचं झाकण तापलेलं असताना उघडू नका, वाफेने हात-तोंड भाजतं. हीटर कॉइल बदलायला खर्च येतो. तोवर हीटरला जाणारे दोन्ही पाइप एकमेकांना जोडून कॉइल बाजूला काढता येतं. आपल्या हवेत हीटरवाचून फारसं अडत नाही, फक्त काचेवरचं धुकं काढायला एसी वापरावा लागतो. पातळी नुसत्या नळाच्या पाण्याने भरू नका, कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं हा सर्वसाधारण नियम. जमिनीवर सांडलेला कुलंट लगेच धुऊन टाका. तो चवीला गोड आणि विषारी असतो, गल्लीतली कुत्री-मांजरं चाटतात आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात.

जळका वास चार-पाच प्रकारचा असतो. जळक्या कागदासारखा, काथ्या जळाल्यासारखा वास घाट चढताना आला तर तो क्लच प्लेटचा. आंबा घाट किंवा खंबाटकीत ट्रकच्या मागे अर्ध्या क्लचवर गाडी रेंगाळली की येतो. थांबा, दहा मिनिटं गार होऊ द्या, आणि पुढे पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून चला. सपाट रस्त्यावरही तो येत असेल आणि इंजिनाचे फेरे (आरपीएम) वाढूनही वेग वाढत नसेल तर प्लेट संपली. उतारावर येणारा तिखट धातुगंध ब्रेकचा. गिअर खालचा घ्या, इंजिनावर गाडी उतरवा. गरम डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते. सपाट जागी गिअरमध्ये ठेवून चाकामागे धोंडा लावा. हाताचा तळवा प्रत्येक चाकापासून चार बोटं दूर धरा. एकच चाक बाकीच्यांपेक्षा बरंच तापलेलं असेल तर त्याचा कॅलिपर (ब्रेक दाबणारा भाग) अडकला आहे किंवा हँडब्रेक सुटत नाही.

सिग्नलला थांबल्यावर जळक्या तेलाचा वास येतो आणि पळताना जातो, तेव्हा टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचं, पॅकिंग बघा. तिथून झिरपलेलं तेल खाली गरम एक्झॉस्टवर पडतं. ऑइल बदलल्यानंतर एक-दोन दिवस येणारा वास सांडलेल्या थेंबांचा असतो, त्याची चिंता नको. प्लास्टिक जळाल्यासारखा वास दोन ठिकाणांहून येतो. एक, सायलेन्सरला चिकटलेली पिशवी. गार झाल्यावर लाकडी काडीने खरवडली की संपलं. दुसरं ठिकाण वायर, आणि तिथे घाई करावी लागते. गाडी बंद, किल्ली बाहेर, बॅटरीचं ऋण टोक सोडा. बहुतेक गाड्यांत त्याला दहा नंबरचा पाना लागतो. फ्यूज उडतो म्हणून जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा तारेचा तुकडा घालणं म्हणजे आगीला बोलावणं. हेडलाइटचा बल्ब मूळ ६०/५५ वॉटचा असताना रिलेशिवाय (जास्त प्रवाह पेलणाऱ्या वेगळ्या स्विचशिवाय) १००/९०चा बसवला की होल्डर आणि बटण वितळतं. फॅन फक्त शेवटच्या नंबरवर चालतो आणि जळका वास येतो, तेव्हा ब्लोअरचा रेझिस्टर, म्हणजे फॅनचा वेग कमी-जास्त करणारा भाग, गेलेला असतो.

सायलेन्सरचा धूर आत येत असेल तर ती गाडी दुरुस्त होईपर्यंत चालवू नये. धुराला वास असतो, पण त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला नसतो. तो रक्तातल्या ऑक्सिजनची जागा घेतो. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि झोपलेला माणूस उठत नाही. इंजिन चालू ठेवून एसीत झोपणं, बंद गॅरेजात गाडी तापत ठेवणं, लांब सामान घालून डिकी अर्धी उघडी ठेवून गाडी हाकणं, तिन्ही टाळा. उघड्या डिकीतून मागचा धूर आत ओढला जातो. डिझेल गाडीत हाच वास बॉनेटकडून येत असेल आणि इंजिनातून ‘चुक चुक’ असा आवाज येत असेल तर इंजेक्टरखालचं तांब्याचं वॉशर गेलेलं असतं. त्याभोवती डांबरासारखा काळा थर दिसतो.

सडक्या अंड्याचा वास आला की आधी बॅटरी. इंजिन चालू असताना मल्टीमीटरने टोकांवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसावेत. सतत पंधराच्या वर दिसले तर ऑल्टरनेटरचा, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा, रेग्युलेटर बिघडला आहे, बॅटरी उकळते आहे. फुगलेल्या, तापलेल्या बॅटरीला जंप स्टार्ट देऊ नका, आजूबाजूला हायड्रोजन हा पेट घेणारा वायू असतो. बॅटरी ठीक असेल आणि वास मागून, जोरात गाडी पळवल्यावर येत असेल तर इंजिन जास्त पेट्रोल खातं आहे आणि त्याचा ताण कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर (सायलेन्सरच्या वाटेत धूर स्वच्छ करणाऱ्या डब्यावर) येतो आहे. नुसता कन्व्हर्टर बदलून उपयोग नाही, आधी ऑक्सिजन सेन्सर आणि इंजेक्टर तपासावेत.

मेलेल्या उंदराचा वास ओळखायला तज्ज्ञ लागत नाही, सापडवायला लागतो. क्रमाने बघा : एसीचा फिल्टर आणि ब्लोअर, इंजिनाच्या एअर फिल्टरचा डबा, बॅटरीखालचा ट्रे, बॉनेटच्या आतलं अस्तर, इंजिनाखालचं संरक्षक प्लास्टिक. माश्या कुठे घोंघावतात ते बघितलं तर वेळ वाचतो. हातमोजे आणि मास्क घाला, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी करून जागा भिजवा, पाच मिनिटांनी ओल्या कपड्याने पुसा. कोरडं झाडू नका, पुसलेल्या पत्र्यावर साधं पाणी फिरवा. पावसाळ्यात उंदराच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, म्हणून हातावर जखम असेल तर हे काम दुसऱ्याला द्या. नंतर ब्लोअरच्या तोंडाला बारीक स्टीलची जाळी लावून घ्या. तंबाखूची पुरचुंडी ठेवण्याचा प्रघात आहे. काही दिवस चालतो, वास उडाला की उंदीर परत.

सांडलेल्या पदार्थांबद्दल एकच गोष्ट सांगतो, कारण तिथे सर्रास चूक होते. दूध सांडलं तर गरम पाणी वापरू नका. त्यातलं प्रथिन शिजून कापडात बसतं. गार पाणी, टिपून घेणं, मग एन्झाइमचं क्लीनर. दह्या-दुधाचा वास आंबट, त्यावर सोडा लागू पडतो. मासळीचा वास उलट जातीचा असतो, त्यावर निम्मं पाणी घातलेलं व्हिनेगर चालतं. दोन्ही एकदम ओतले तर फेस छान येतो, काम कोणाचंच होत नाही. ओझोनचं यंत्र लावणारे आता गावोगाव आहेत. गाडी रिकामी ठेवून वीस-तीस मिनिटं आणि नंतर तासभर काचा उघड्या, एवढ्या अटीवर ते ठीक. पण आत ओला फोम तसाच असेल तर पंधरा दिवसांत पैसे वाया.

शेवटी जुन्या गाड्या. २००५ची मुंबई, २०१९ आणि २०२१चं सांगली-कोल्हापूर, २०२१चं चिपळूण, या पुरांत गाड्या बुडाल्या. बुडालेली गाडी धुऊन, पॉलिश करून लांबच्या जिल्ह्यात विकायला उभी करणं अवघड नाही. विकायच्या गाडीत उग्र अत्तर दरवळत असेल तर तेच आधी संशयाने बघावं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या हातभर पट्ट्यावर गाळाची रेघ दिसते. ती धुवायचं बहुतेकांना सुचत नाही. सीटखालच्या रुळांवरचा गंज, स्टेपनीच्या खळग्यातली माती, फ्यूजच्या डब्यातला हिरवट गंज बघा. काचा लावून, एसी बंद करून उन्हात अर्धा तास गाडी उभी करा आणि मग दार उघडून वास घ्या.

पुरवणीच्या पुढच्या अंकात कापूर-डांबरगोळ्यांचा सल्ला दुरुस्त करावा, ही विनंती. आणि वाचकांना एक सुचवतो. सर्व्हिस सेंटरमध्ये जॉब कार्डवर ‘वास येतो’ एवढंच लिहू देऊ नका. असं लिहायला लावा : ‘एसी सुरू केल्यावर पहिली दोन मिनिटं, डाव्या जाळीतून, ओल्या मोज्यांसारखा, हवा आत फिरवली तरी राहतो, गाडीखाली पाणी ठिबकत नाही.’ त्याखाली सही घ्या आणि गाडी परत घेताना तेच वाक्य समोर ठेवून, एसी लावून, पंधरा मिनिटं थांबून गाडीखाली वाकून बघा.

आपला,
मेकॅनिक मोटर व्हेईकल शाखेचा एक निवृत्त आयटीआय निदेशक,
सांगली